स्ट्रॉबेरी आंबट, वाकडी, मऊ का होते? (आणि माझ्या दोन चुकलेल्या सल्ल्यांबद्दल)

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)



आजचा विषय स्ट्रॉबेरी. म्हणजे लावायची कशी ते नाही, ते आपण आधी केलंय. आज ज्यांची रोपं लागली, फुलं आली, फळंही आली, पण फळ तोंडात टाकल्यावर चेहरा वाकडा झाला, त्यांच्यासाठी. पण त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे.

मागच्या हिवाळ्यात एका भागात मी म्हणाले होते, "फळं आंबट लागत असतील तर पोटॅश द्या, फरक दिसेपर्यंत दर आठवड्याला देत राहा." आणि त्याच्या काही आठवडे आधी, पाणी वाचवण्याच्या भागात, मी सांगितलं होतं की आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत धरा आणि झाडांना घाला. दोन्ही सल्ले दोन वेगळ्या भागांत. ते एकत्र वापरले तर काय होईल, याचा विचार मी केलाच नव्हता.

साताऱ्याच्या एका काकूंनी दोन्ही ऐकले आणि दोन्ही मनापासून पाळले. त्यांच्या चौदा रोपांपैकी नऊ गेली.

त्यांचा निरोप आला तेव्हा त्यात राग नव्हता. फक्त पानांचे फोटो आणि एक ओळ: "काय चुकलं ते सांगशील का?" फोटोत कडा तपकिरी, कागदासारख्या वाळलेल्या. मी पुण्याहून पुढच्याच रविवारी साताऱ्याला गेले.

काकूंच्या गच्चीवर

गच्चीवर चौदा कुंड्या एका रांगेत, नीट विटांवर ठेवलेल्या. मातीवर आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर. बोटाने खरवडला की भुकटी निघत होती. मी विचारलं, "खत किती घालत होता?" त्या म्हणाल्या, "चहाचा एक चमचा, प्रत्येक कुंडीला. आधी आठवड्याने, मग चार दिवसांनी. अगं, तू म्हणालीस फरक दिसेपर्यंत. फरक दिसला."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रमाण मी सांगितलंच नव्हतं. कुंडीला किती, पाण्यात किती, कधी थांबायचं, काहीच नाही.

मग पाणी विचारलं. बिल्डिंगला बोअरचं पाणी, तेच आरओला, आणि आरओतून बाहेर पडणारं ते झाडांना. आता साधा हिशेब बघा. तुमचं मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन लिटर बाहेर टाकत असेल, तर त्या दोन लिटरमध्ये तीन लिटर पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार असतात. बोअरचं पाणी आधीच जड, हे त्याहून जड. त्यात खतही शेवटी क्षारच. कुंडीला खाली जेमतेम एक भोक, पाणी मोजून घातलेलं, म्हणजे काही वाहून जायची सोयच नाही. सगळं आत साठत गेलं.

स्ट्रॉबेरी या बाबतीत फार नाजूक आहे. मातीतली क्षारता मोजायचं एकक असतं डेसीसायमन प्रति मीटर. टोमॅटोचं उत्पन्न साधारण २.५ च्या पुढे घटायला लागतं. स्ट्रॉबेरीचं १ च्या पुढेच. म्हणजे ज्या पाण्यावर तुमचा टोमॅटो आनंदात आहे, त्याच पाण्यावर स्ट्रॉबेरी हळूहळू मरत असू शकते.

निघताना मी विचारलं, एवढी चौदा रोपं कशी काय आणलीत? त्या म्हणाल्या, "काका गेल्यापासून गच्चीवर यायचं काही कारणच उरलं नव्हतं. रोज सकाळी वर यावं लागेल असं काहीतरी हवं होतं." म्हणून आजचा भाग जरा सावकाश करतेय. आपण माईकवर सहज बोलून जातो, पण समोर ऐकणाऱ्याच्या हातात खताचा चमचा असतो.

मग फळं आंबट का होती?

गंमत म्हणजे, आंबटपणाचा आणि पोटॅशचा काही संबंधच नव्हता. काकूंनी बोलता बोलता सांगितलं, "बुलबुल फार त्रास देतात. म्हणून मी जरा गुलाबी दिसलं की तोडून घेते. घरात डब्यात ठेवते, दोन दिवसांत लाल होतं."

इथेच उत्तर होतं. आंबा, केळी, चिकू, पेरू यांची आपल्याला सवय आहे: कच्चं उतरवा, अढी घाला, पिकतं. आंब्या-केळ्यात स्टार्च साठलेला असतो, पिकताना त्याची साखर होते. स्ट्रॉबेरीत असा साठा जवळजवळ नसतोच. तिची साखर पानांकडून देठातून येते. देठ तोडला की पुरवठा बंद. तोडल्यावर रंग थोडा गडद होतो, फळ मऊ पडतं, पण गोडी वाढत नाही. डब्यात लाल झालेली स्ट्रॉबेरी ही लाल झालेली कच्ची स्ट्रॉबेरीच.

म्हणून आंबटपणाची तक्रार असेल तर पहिला प्रश्न खताचा नाही, तोडणीचा. फळ उचलून वरचा भाग बघा, हिरव्या टोपीच्या अगदी खाली. तिथे पांढरट पट्टा असेल तर थांबा. पूर्ण लाल झाल्यावरही एक दिवस थांबलात तर चव आणि वास दोन्ही वाढतात. बाजारातली फळं प्रवासासाठी थोडी आधी तोडावी लागतात. घरी लावण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच की आपल्याला ती घाई नाही. पक्ष्यांसाठी जाळी लावा, फळ लवकर तोडू नका. मात्र जाळीची भोकं मधमाशी जाईल एवढी हवीत. मच्छरजाळी लावलीत तर पुढचा त्रास ओढवून घ्याल, तो लगेच सांगते.

पूर्ण पिकूनही आंबट किंवा पाणचट लागतंय? मग या क्रमाने बघा.

एक, ऊन. किमान सहा तास थेट ऊन हवं. उजेड म्हणजे ऊन नव्हे. काकूंच्या रांगेतल्या अर्ध्या कुंड्या कठड्याच्या सावलीत होत्या, तिथे तीन तासही ऊन येत नव्हतं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे पावसाळ्यात जिथे ऊन होतं तिथे हिवाळ्यात असेलच असं नाही. एक दिवस घड्याळ लावून मोजा.

दोन, रात्र. पानं दिवसा साखर बनवतात, रात्री झाड त्यातली काही स्वतःच्या श्वसनात खर्च करतं. रात्र गार असेल तर खर्च कमी, फळही सावकाश पिकतं, गोडी साठायला वेळ मिळतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीमागे हे मोठं कारण आहे. ते पठार समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास आहे, थंड रात्री, निचऱ्याची लाल माती. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. पुण्या-नाशकात डिसेंबर-जानेवारी चांगला जातो. फेब्रुवारी सरता सरता फळं लहान आणि आंबट होऊ लागली तर स्वतःला दोष देऊ नका, हवा बदलली आहे. दुपारची थोडी सावली करा आणि मिळेल ते खा. मुंबई-कोकणात उबदार रात्रींमुळे अपेक्षा थोडी कमीच ठेवा.

तीन, नत्र. पानं मोठी, गडद हिरवी, झुडूप देखणं आणि फळ बेचव, असं असेल तर नत्र जास्त झालंय. शेणखत, गांडूळखत, वर १९:१९:१९, वर कसलंसं टॉनिक, असं सगळं चालू असेल तर फुलं आल्यावर महिनाभर सगळं बंद करा.

चार, पाणी. पिकायच्या दिवसांत रोज भरपूर पाणी दिलं तर फळ फुगतं, पण चव पातळ होते. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर आज पाणी नाही. पण पूर्ण कोरडं पडू देऊन मग एकदम बदलीभर ओतू नका.

पाच, जात. स्वीट चार्लीत मुळात आम्ल कमी, त्यामुळे ती लवकर गोड लागते. कॅमारोसा टणक, प्रवासाला चांगली, पण अर्धवट पिकलेली खाल्ली तर आंबटच. नर्सरीतून रोप आणताना नाव विचारून कुंडीवर लिहून ठेवा.

वाकडी, दबलेली, माकडतोंडी फळं

फळाची एक बाजू फुगलेली, दुसरी आत गेलेली. बहुतेकांना वाटतं कीड लागली. अनेकदा कारण वेगळंच असतं.

स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे बारीक पिवळे दाणे दिसतात, ज्यांना आपण बिया म्हणतो, ती वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने खरी फळं. आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ. एका फळावर असे साधारण दोनशे दाणे असतात, आणि प्रत्येक दाण्याचं परागीभवन वेगळं व्हावं लागतं. ज्या दाण्यात बी धरलं तो ऑक्सिन नावाचं संप्रेरक सोडतो, आणि त्याच्या भोवतीचा गर फुगतो. १९५० मध्ये नित्श या शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं. त्याने कोवळ्या फळावरचे सगळे दाणे काढले तर फळाची वाढ थांबली. त्याच जागी ऑक्सिन लावलं तर दाणे नसतानाही फळ वाढलं.

आता तुमचं वाकडं फळ हातात घ्या. दबलेल्या भागातले दाणे बघा. तिथे ते बारीक आणि अगदी दाटीवाटीने बसलेले दिसले, तर त्या बाजूचं परागीभवन झालं नाही. बंद बाल्कनी, सातवा मजला, मच्छरजाळी, ढगाळ हवा, फुलांवर पाण्याचा फवारा, यापैकी काहीतरी आडवं आलंय.

उपाय सोपा आहे. मऊ ब्रश घ्या, चित्रकलेचा चालेल. सकाळी दहा ते एकच्या दरम्यान, फुलात पिवळी पूड सुटलेली असताना, ब्रश आधी कडेच्या पुंकेसरांवरून आणि मग मधल्या हिरवट-पिवळ्या उंचवट्यावरून गोल फिरवा. सगळ्या बाजूंनी. फूल उघडल्यापासून तीन-चार दिवस, एक दिवस आड. फुलं असताना कीटकनाशक नको. नीमतेल मारायचंच असेल तर संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर, फुलं वगळून.

फुलाचा मधला भागच काळा पडला असेल तर त्या फुलाला फळ धरणार नाही. कडक थंडीत असं होतं. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी दव गोठतं त्या रात्रींनंतर शेतकऱ्यांना ही भीती असते. मैदानी भागात हे क्वचितच. आणि फळाची साल तपकिरी, खरखरीत, चकाकी गेलेली दिसली तर फुलकिडे तपासा. पांढऱ्या कागदावर फूल झटका, बारीक रेघांसारखे किडे चालताना दिसतील.

मऊ, पांढरट, डागाळलेली

इथे पटापट जाऊ, कारण ओळख पटली की उपाय साधा आहे.

फळ फुगलेलं, गुलाबी-पांढरं ठिपकेदार, मऊ आणि बेचव: नत्र जास्त आणि ऊन कमी. ढगाळ आठवड्यानंतर हमखास. खत थांबवा.

फळावर राखाडी केसाळ बुरशी: हिची लागण बऱ्याचदा फुलातच होते, बुरशी गप्प बसून राहते आणि फळ पिकल्यावर वर येते. म्हणून बुरशी दिसल्यावर फवारणी करून ते फळ वाचत नाही. ते पिशवीत घालून बाहेर टाका, कुंडीत पुरू नका. फळाला चिकटलेल्या सुकलेल्या पाकळ्या बोटाने काढून टाका, बुरशी तिथून सुरू होते. पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर नाही.

गोल, खोलगट, काळपट डाग: करपा. हा पाण्याच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो. फळ मातीला टेकू देऊ नका. खाली गवताचा किंवा भाताच्या पेंढ्याचा थर द्या. शेतात प्लास्टिकचा मल्चिंग पेपर अंथरतात, त्याचं एक कारण हेच.

पानं वर वळलेली आणि फळावर पीठ भुरभुरल्यासारखं: भुरी. दाटी कमी करा, जुनी पानं काढा, हवा खेळू द्या.

फळात गुळगुळीत भोक आणि आसपास चकचकीत रेघ: गोगलगाय. रात्री टॉर्च घेऊन जा, सापडेल.

अंड्याच्या टरफलांबद्दल बरेच जण विचारतात. टरफलं कुंडीत घातल्याने या हंगामात कॅल्शियम मिळत नाही, ती फार सावकाश विरघळतात. शिवाय बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम बहुधा आधीच भरपूर असतं. नव्या पानांची टोकं करपत असतील तर पाणी कधी खूप, कधी अजिबात नाही, असं होतंय का ते आधी बघा. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. पाणी अडलं की तेही अडतं.

फळं नुसतीच लहान? प्रत्येक घोसातलं पहिलं फळ सगळ्यात मोठं असतं, पुढची लहान होत जातात. हा दोष नाही. सगळीच लहान असतील तर रनर, म्हणजे रोपाला फुटणाऱ्या त्या लांब दोऱ्या, फळं घेत असेपर्यंत कापत राहा. आणि रोपाचा मधला गाभा मातीत पुरला गेलेला नाही ना, तेही बघा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

थंडीत फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण चार आठवडे लागतात. उन्हाळा जवळ आला की तीन. म्हणजे आज जे फळ तुम्ही खाताय, त्याचा आकार महिन्यापूर्वी ठरलाय. आज काहीही घातलंत तरी ते या फळावर दिसणार नाही, पुढच्या फुलांवर दिसेल. "फरक दिसेपर्यंत देत राहा" हा सल्ला म्हणूनच चुकीचा होता. फरक दिसायलाच महिना लागतो, आणि तोपर्यंत चार वेळा घातलेलं खत कुंडीत साठलेलं असतं. एका वेळी एकच बदल करा, तारीख लिहा, आणि महिनाभर थांबा.

खत द्यायचंच असेल तर पाण्यात विरघळणारं, लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीवर. एक ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याचा साधारण पाचवा भाग. चमचा भरून कुंडीत कोरडं टाकायचं नाही.

आणि क्षार साठले असतील, पांढरा थर आणि कडा वाळलेली पानं दिसत असतील, तर वरची इंचभर माती काढून टाका. मग कुंडीच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट गोडं पाणी सावकाश ओता आणि खालून पूर्ण वाहू द्या. गोडं म्हणजे नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं. आरओचं बाहेर पडणारं पाणी फरशी पुसायला, बाथरूम धुवायला उत्तम, पण स्ट्रॉबेरीला नको. पाण्याबद्दल खात्री नसेल तर छोटा टीडीएस मीटर मिळतो, बाग करणाऱ्याकडे तो असावाच.

काकूंच्या उरलेल्या पाच रोपांना आम्ही त्याच दिवशी असं धुवून काढलं. काकूंनी नगरपालिकेच्या नळाचं पाणी भरून ठेवलं होतं, ते वापरलं. कुंड्या कठड्यापासून पुढे ओढल्या, खाली दोन भोकं वाढवली, मोठ्या भोकांची जाळी लावली. खत शून्य. तीन आठवड्यांनी त्यांचा फोटो आला, मधून नवी पानं निघालेली, कडा हिरव्या. एका रोपाला दोन फुलं होती. फळ अजून यायचंय. ब्रश त्या नातीच्या कंपासपेटीतून घेणार आहेत म्हणाल्या.

तर मंडळी, इथून पुढे एक नियम माझ्यासाठी. नुसत्या फोटोवरून मी सल्ला देणार नाही. फोटोबरोबर चार गोष्टी कळवा: थेट ऊन किती तास, पाणी कुठलं, शेवटचं खत कधी आणि किती, आणि फळ तोडताना टोपीखाली पांढरं होतं का. या चारांची उत्तरं लिहिता लिहिताच अर्ध्या जणांना स्वतःचं कारण सापडेल, याची मला खात्री आहे.

आणि माझं ऐकून कुणाची रोपं गेली असतील तर तेही कळवा. लाजू नका, मीही लाजणार नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर जरा थांबा, पूर्ण लाल होऊ द्या!